दोन रंगांच्या टोप्या

प्रत्येक खेळाडूनं स्वतःजवळ दोन टोप्या बाळगाव्यात. एक लाल, एक गडद निळी, दोन्ही फ्लॅनेलच्या. खेळताना एका बाजूनं एक रंग घालावा, दुसऱ्या बाजूनं दुसरा. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात १८५८ च्या ऑक्टोबरमध्ये जेमतेम एक वर्ष वयाच्या एका फुटबॉल क्लबनं अकरा नियम मंजूर केले, त्यांतला हा अकरावा. आधीचे दहा नियम खेळाचे आहेत. सुरुवातीची किक कुठून मारायची, धक्का केव्हा चालेल, गोल कशाला म्हणायचं, हे सारं त्यांत येतं. शेवटचा नियम नुसता पोशाखाचा, म्हणून वाचणाऱ्याची नजर त्यावरून सहज पुढे निघून जाते. मला मात्र त्या नियमावलीतलं सर्वांत अर्थपूर्ण कलम हेच वाटत आलं आहे.

शेफिल्ड फुटबॉल क्लब हा जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब मानला जातो. तो निघाला तेव्हा त्याच्याशी खेळायला दुसरा क्लबच नव्हता. मग सभासद आपल्यातच दोन तट पाडत. कधी लग्न झालेले एकीकडे आणि अविवाहित दुसरीकडे, कधी पेशावरून वाटणी. कालचा जोडीदार आज समोर उभा, आणि आज ज्याला अडवलं तो पुढच्या खेपेस आपल्या बाजूला. अशा खेळात एकच टोपी घेऊन येणाऱ्याचं भागत नाही. दोन्ही रंग जवळ असावे लागतात. समोरच्या बाजूला उभं राहायची तयारी ही इथे सभासदत्वाची अटच होती. या क्लबचा पुढचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास मला या एका अटीची परीक्षा वाटतो. समोरचा माणूस आपल्यापैकीच आहे, हे कुठवर मान्य करायचं? क्लबपुरतं? गावापुरतं? आपल्या वर्गापुरतं? की त्याही पलीकडे?

क्लब काढणारे दोघे. नॅथॅनिअल क्रेसविक हा वकील, त्याच्या घराण्याचा चांदीच्या मुलाम्याच्या भांड्यांचा धंदा. विल्यम प्रेस्ट हा वाइनचा व्यापारी. दोघेही क्रिकेटमध्ये रमलेले. उन्हाळा सरला, क्रिकेट थांबलं की हिवाळ्यात अंग मोकळं करायला काय करायचं, हा त्यांचा साधा प्रश्न होता. २४ ऑक्टोबर १८५७ रोजी शहराच्या हायफील्ड भागातल्या पार्कफील्ड हाउसमध्ये बैठक झाली आणि क्लब स्थापन झाला. पहिल्या अध्यक्षांच्या वडिलांनी ईस्ट बँक रोडवरचं आपलं रोपवाटिकेचं काचघर वापरायला दिलं, तेच क्लबचं कार्यालय झालं आणि शेजारचं शेत झालं मैदान. जगातल्या पहिल्या फुटबॉल क्लबची मालमत्ता म्हणजे उसनं काचघर आणि उसनं शेत. स्वतःचं असं त्यांच्याजवळ काही होतं, तर ते नियमांचं हस्तलिखित.

फुटबॉल त्यांनी शोधला नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. चेंडूमागे धावणारे जमाव इंग्लंडच्या गावागावांत शतकानुशतकं होते. ईटन, हॅरो, रग्बी अशा बड्या शाळांत तो खेळला जाई, पण प्रत्येक शाळेचा नियम निराळा. कुठे चेंडू हातात घेऊन पळायची मुभा, कुठे बंदी. शाळा सोडून बाहेर पडलेली मुलं एकत्र आली की अर्धा वेळ नियम ठरवण्यात जाई. क्रेसविक आणि प्रेस्ट यांनी या शाळांचे नियम मागवले, ते वाचले आणि त्यातून आपल्या मैदानाला चालेल असा मसुदा केला. त्यांचं काम शोधकाचं नव्हतं, संपादकाचं होतं. आधी असलेलं सारं पुढ्यात मांडायचं, निवडायचं, गाळायचं आणि उरलेल्यावर सर्वांची सही घ्यायची. संस्था उभ्या करणाऱ्या माणसांचं काम बहुतेक वेळा असंच असतं, आणि त्याची थोरवी आपल्याला उशिरा कळते.

त्या मसुद्यातला पाचवा आणि सहावा नियम एकत्र वाचावेत. हातानं ढकलायला परवानगी आहे. पण नडगीवर लाथ मारणं आणि पाय घालून पाडणं कोणत्याही परिस्थितीत चालणार नाही. कुणाला धरून ठेवायचं नाही, ओढून आडवं करायचं नाही. आज हे इतकं उघड वाटतं की त्यासाठी नियम कशाला, असा प्रश्न पडावा. पण त्या काळी नडगीवर लाथ मारणं हा अनेकांच्या लेखी मर्दपणाचा भाग होता. १८६३ च्या अखेरीस लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनच्या पहिल्या बैठका झाल्या, तेव्हा याच मुद्द्यावर कडाक्याचा वाद झाला. लाथा काढून टाकल्या तर खेळातलं धैर्यच निघून जाईल, असं म्हणणारा ब्लॅकहीथ हा क्लब शेवटी त्यापायी बाहेर पडला. त्याच सुमारास शेफिल्डचा चिटणीस विल्यम चेस्टरमन यानं लंडनला पत्र लिहून क्लबचं सभासदत्व मागितलं आणि त्यात आपला अभिप्रायही कळवला. चेंडू हातात घेऊन पळणं आणि लाथा मारणं या दोन्ही गोष्टी फुटबॉलच्या मुळावर येणाऱ्या आहेत, लाथा मारणं तर कुस्तीच्या जवळ जातं, असा त्याचा आशय होता. आपल्याकडचा कुस्तीचा चाहता या शेवटच्या वाक्याला हरकत घेईल आणि ती रास्त असेल, कारण लाल मातीतही लाथेला जागा नाही. पण चेस्टरमनला काय म्हणायचं होतं ते स्वच्छ आहे. समोरच्याला इजा करून मिळवलेला चेंडू हा मिळवलेला चेंडूच नव्हे.

इथे तारखेपाशी थांबणं भाग आहे. १८५७ चा ऑक्टोबर. मराठी वाचकाला हे साल नुसतं साल म्हणून वाचता येत नाही. त्या वर्षी जुलैत मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि जुलैच्याच शेवटच्या दिवशी कोल्हापुरात २७ व्या पलटणीचे शिपाई उठले. सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि त्यानंतर त्या शहरात जे झालं ते सर्वांना ठाऊक आहे. बंडवाल्यांना तोफेच्या तोंडी देणारं राष्ट्र आणि खेळात कुणाच्या नडगीला लाथ लागू नये म्हणून नियम लिहिणारं राष्ट्र एकच होतं, काळही एकच होता. याचा अर्थ शेफिल्डच्या त्या तरुणांच्या माथी दिल्लीचं पाप मारावं असा नाही. अर्थ एवढाच की सभ्यतेचे नियम माणूस आधी आपल्या वर्तुळात लिहितो. वर्तुळाबाहेरच्याला ते लागू होतात की नाही, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवतही नाही. म्हणून कोणत्याही नियमावलीची खरी कसोटी तिच्या शब्दांत नसते. ती कुणाकुणाला लागू होते, यात असते.

शेफिल्डचं वर्तुळ पहिल्यांदा रुंदावलं ते १८६० मध्ये. शहराच्या पश्चिमेला हॅलम नावाचा दुसरा क्लब निघाला आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, सँडीगेटच्या मैदानावर दोन क्लबांमधला सामना झाला. दोन वेगळ्या क्लबांत झालेला फुटबॉलचा हा पहिला सामना म्हणून त्याची नोंद आहे. शेफिल्डनं तो दोन गोलांनी जिंकला. स्थानिक वर्तमानपत्रातल्या वृत्तांतात मैदानाचं वर्णन आहे. सगळीकडे बर्फ पडलेलं, आणि त्या पांढऱ्यावर शेफिल्डचे लाल-पांढरे आणि हॅलमचे निळे पोशाख उठून दिसत होते. वर्तुळ रुंदावलं तसे रंग वाटले गेले. आता प्रत्येकाकडे दोन टोप्या नव्हत्या. लाल एकांकडे, निळा दुसऱ्यांकडे. समोरचा माणूस आपल्यापैकीच आहे, हे दाखवणारी खूण कुणाच्या खिशात उरली नाही. ते आता नियमावरच सोपवावं लागलं.

आणि नियमाला ते लगेच पेललं नाही. २९ डिसेंबर १८६२ रोजी शेफिल्डमधल्या ब्रॅमल लेन मैदानावर हेच दोन क्लब पुन्हा भेटले. सामना मदतनिधीसाठी होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस येईना, लँकेशरच्या गिरण्या बंद पडल्या, गिरणी कामगारांच्या घरी चूल पेटेना. त्यांच्यासाठी शेफिल्डकर पैसे गोळा करत होते. तोच कापसाचा दुष्काळ तेव्हा मुंबईवर सोन्याचा पाऊस पाडत होता. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातचा कापूस लिव्हरपूलकडे चढ्या भावानं निघाला होता. राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद याच तेजीतले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईत पेढ्या बुडाल्या. लँकेशरची उपासमार, मुंबईची तेजी आणि ब्रॅमल लेनवरचा मदतीचा सामना या एकाच दोऱ्यातल्या गाठी आहेत. स्थानिक क्लबचा इतिहास स्थानिक राहत नाही तो असा.

पण त्या दिवशी मैदानावर जे घडलं ते मदतनिधीला शोभणारं नव्हतं. हॅलमचा वॉटरफॉल आणि शेफिल्डचा क्रेसविक एकमेकांना भिडले. हो, तोच क्रेसविक, नियम लिहिणारा. आता तो स्वयंसेवक पलटणीत मेजर होता. वर्तमानपत्रात आलं की वॉटरफॉल चवताळून अंगावर धावून गेला, त्यानं गुद्दे मारले, अंगातलं जाकीट काढून फेकलं, आणि मेजरसाहेबांनी मात्र संयम राखून एकही ठोसा परत दिला नाही. प्रेक्षक मैदानात घुसले. शेवटी वॉटरफॉलला शिक्षा म्हणून गोल राखायला उभं केलं. हॅलमवाल्यांनी मग त्याच वर्तमानपत्राला पत्र लिहून आपली बाजू मांडली. सर्वजण पंचांच्या निर्णयाची वाट पाहत असताना मेजरनंच आमच्या खेळाडूच्या हातातून चेंडू घेतला, वॉटरफॉल आडवा आला तेव्हा मेजरनंच त्याच्या तोंडावर मारलं, वॉटरफॉलनं फक्त परतफेड केली, असं त्यांचं म्हणणं होतं. सामन्यात गोल कुणाचाच झाला नाही.

कोणती हकीकत खरी, हे आज ठरवता येणार नाही, आणि ठरवायची गरजही नाही. दोन्ही हकीकती उरल्या, हे अधिक मोलाचं. ज्यानं नियम लिहिला त्याच्यावरच नियम मोडल्याचा आरोप झाला, आणि तो आरोप छापूनही आला. मला हा क्लबच्या बालपणातला सर्वांत निर्णायक दिवस वाटतो. नियमावली त्या दिवशी तिच्या लेखकाच्या हातातून सुटली. नियम करणारा आणि नियमाखाली येणारा एकाच रेषेवर उभे असल्याशिवाय कायद्याला कायदेपण येत नाही. आपल्याकडच्या किती संस्थांची घटना त्यांच्या संस्थापकाच्या खिशातून कधी बाहेरच पडली नाही, हे पाहिलं की या जुन्या भांडणाचं महत्त्व कळतं.

पुढच्या पंधरा वर्षांत शेफिल्डचं शहर फुटबॉलनं भरून गेलं. १८६७ मध्ये शेफिल्डची स्वतःची फुटबॉल असोसिएशन निघाली, नियमांची देखभाल तिच्याकडे गेली, आणि उत्तर इंग्लंडात लंडनहून वेगळी अशी एक जिवंत परंपरा तयार झाली. बचाव करणाऱ्या संघाकडून चेंडू गोलरेषेपलीकडे गेला तर कोपऱ्यातून किक मारायची, ही शेफिल्डची रीत. लंडनच्या असोसिएशननं ती १८७२ मध्ये उचलली. लंडनमध्ये दोन खांबांच्या मध्ये फीत बांधत तेव्हा शेफिल्डमध्ये वर पक्का आडवा दांडा असे. दोन्हीकडचे खेळाडू भेटत, एकमेकांच्या नियमांनी आळीपाळीनं खेळत आणि वाद घालत. चेंडूच्या पुढे राहून तो घेण्यावर बंधन घालणाऱ्या ऑफसाइडच्या नियमाचं शेफिल्डला विशेष प्रेम नव्हतं; १८५८ च्या मूळ नियमांत तो शब्दच नाही. लंडनला तो हवा होता.

१८७७ मध्ये हा वाद मिटला, आणि तो कसा मिटला हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. बाहेर गेलेला चेंडू कोणत्याही दिशेला आत टाकता यावा, ही तडजोड लंडननं मान्य केली. ऑफसाइडच्या बाबतीत शेफिल्डनं लंडनचं ऐकलं. त्याबरोबर शेफिल्डचे वेगळे नियम म्हणून जे काही होतं ते संपलं. क्लबच्या वीस वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं असं कुणी म्हणेल. मला ते नेमकं उलटं दिसतं. शेजारणीला वाटीभर विरजण दिलं म्हणून आपल्या घरचं दही कमी होत नाही, आणि शेजारच्या घरी लागलेल्या दह्यावर आपलं नाव घालता येत नाही. शेफिल्डनं आपले नियम असेच दिले. आज कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर असतात, कॉर्नर मिळतो आणि पेठांच्या पेठा श्वास रोखून धरतात, तेव्हा ती किक कोणत्या गावातून निघाली हे विचारायचं कुणाला सुचत नाही. सुचायला नकोच. नियम नावासकट लक्षात राहिला तर समजावं की तो अजून परका आहे.

इथवर मी या क्लबकडे प्रेमानं पाहिलं. पण पुढचा टप्पा त्याच्या मर्यादेचा आहे, आणि तो टाळला तर हे प्रेम खोटं ठरेल.

फुटबॉल कामगारांचा झाला. कारखान्याला शनिवारी अर्धी सुट्टी मिळू लागली, भट्टीवरची, कानशीवरची, घासाई-कामाची माणसं मैदानावर आली, खेळायलाही आणि बघायलाही. १८७८ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रॅमल लेनवर विजेच्या दिव्यांखाली सामना झाला तेव्हा हजारो लोक लोटले. पण कामगाराला दूरच्या सामन्यासाठी जायचं तर मजुरी बुडे, आणि पाय मोडला तर घर बसे. म्हणून खेळाडूला पैसे देणं आधी चोरून आणि मग उघड सुरू झालं. १८७६ पासून शेफिल्ड वेन्सडे या शहरातल्या दुसऱ्या क्लबकडून खेळणारा ग्लासगोचा जेम्स लँग हा पैसे घेऊन खेळणाऱ्या पहिल्या काही जणांतला एक मानला जातो. १८८५ च्या जुलैत असोसिएशननं व्यावसायिक खेळाला रीतसर मान्यता दिली.

शेफिल्ड क्लबनं ती वाट नाकारली. आम्ही हौशी आहोत, हौशीच राहू. त्याची किंमत त्यांना लगेच मोजावी लागली. ॲस्टन व्हिला, नॉटिंगहॅम फॉरेस्ट अशा संघांनी त्यांचा मोठ्या फरकानं पराभव केला. शहराचं प्रेम आधी वेन्सडेकडे आणि १८८९ पासून शेफिल्ड युनायटेड या क्लबकडे गेलं, ते कायमचं. हौशी क्लबांसाठी स्वतंत्र करंडक असावा ही सूचना शेफिल्डकडूनच आली. १८९३-९४ मध्ये तो सुरू झाला आणि १९०४ मध्ये शेफिल्डनं तो जिंकलाही, ईलिंगला ३-१ असं हरवून. त्याच मोसमात वेन्सडेनं देशाची लीग जिंकली. एकाच शहरात एकाच वर्षी दोन विजय. एकाला हजारोंचा जयघोष लाभला, दुसरा इतिहासाच्या कोपऱ्यात गेला.

हौसेसाठी खेळावं, पैशासाठी नाही, हा विचार ऐकायला उदात्त आहे. पण तो कुणाला परवडतो, हे विचारल्याशिवाय त्याची उदात्तता मान्य करू नये. वाइनच्या व्यापाऱ्याला शनिवारची दुपार मोकळी असते. भट्टीवरच्या माणसाची दुपार म्हणजे त्याच्या मुलांची भाकरी. शेफिल्ड क्लबनं लंडनला आपलं मानलं, हॅलमला आपलं मानलं, पण आपल्याच शहरातल्या मजुराला त्याच्या अटींवर आपलं मानणं त्याला जमलं नाही. त्याच्या लाल-निळ्या टोप्यांचा नियम वर्गाच्या रेषेपाशी अडला. मला ही क्लबची खलनायकी वाटत नाही. हौस ही त्यांची खरी निष्ठा होती, तिच्यासाठी त्यांनी पराभव आणि विस्मरण दोन्ही पत्करलं, आणि नफ्यासाठी तत्त्व वाकवणाऱ्यांच्या जगात अशा निष्ठेला मान द्यावाच लागतो. तरीही निष्ठा प्रामाणिक असणं आणि न्याय्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या क्लबाइतकं स्वच्छ मला दुसरीकडे क्वचितच दिसलं.

वर्तुळ पुढे रुंदावलं ते दुसऱ्यांच्या हातून. इंग्रज पलटणी चेंडू घेऊन हिंदुस्थानात आल्या. मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स करंडक सुरू झाला आणि त्याची पहिली अनेक वर्षं गोऱ्या पलटणींचीच होती. मग २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागाननं आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला २-१ असं हरवलं. बागानचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते. शेफिल्ड ज्या यॉर्कशरमधलं, त्याच परगण्याचं नाव लावणारी ती पलटण. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सनं मुंबईत रोव्हर्स करंडक उचलला आणि तो जिंकणारा पहिला हिंदी नागरी संघ ठरला. १८५७ मध्ये ज्या दोन जगांना एकच नियम लागू नव्हता, ती दोन जगं आता एका मैदानावर एका शिट्टीखाली आली. राज्य गोऱ्यांचं, न्यायालय गोऱ्यांचं, तोफखाना गोऱ्यांचा. पण मैदानावर गोऱ्यानं पाय घालून पाडलं तर किक काळ्याला मिळे, निदान मिळायला हवी असं दोघांनाही मान्य होतं. स्वातंत्र्याच्या चळवळीला त्या सामन्यांनी बळ दिलं ते केवळ विजयामुळे नाही. नियम आपल्यालाही लागू होतो, हा अनुभव त्यांत होता. शेफिल्डच्या काचघरात ज्यांनी मसुदा लिहिला त्यांच्या स्वप्नातही हे नसेल. चांगल्या नियमाचं वैशिष्ट्यच हे की तो लिहिणाऱ्याच्या उदारतेपेक्षा मोठा निघू शकतो.

आणि शेफिल्ड क्लबचं पुढे काय झालं? तो जगला. अगदी अक्षरशः एवढंच. या मैदानावरून त्या मैदानावर फिरत राहिला. १९२१ पासून कित्येक दशकं ॲबीडेल पार्कला, मग इतरत्र. जगातल्या पहिल्या क्लबला स्वतःचं म्हणता येईल असं मैदान मिळायला २००१ साल उजाडावं लागलं, आणि तेही शहराबाहेर, डर्बीशरमधल्या ड्रॉनफील्डला, एका पबच्या मागे. २००४ मध्ये फिफानं आपला ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान दोन क्लबांना दिला. एक रेआल माद्रिद, दुसरा शेफिल्ड. एकाच्या कपाटात जगातले सारे करंडक, दुसऱ्याच्या कपाटात जुनी कागदपत्रं. २००७ मध्ये दीडशे वर्षांच्या सोहळ्यानिमित्त इंटर मिलान ब्रॅमल लेनवर खेळायला आला, पेले पाहुणे म्हणून आले. इंटरनं सामना ५-२ असा जिंकला. दुसऱ्या दिवसापासून शेफिल्ड पुन्हा आपल्या छोट्या लीगमध्ये, प्रीमियर लीगपासून सात पायऱ्या खाली.

मग २०११ च्या जुलैत क्लबनं ती कागदपत्रंही विकली. १८५८ च्या नियमांचा हस्तलिखित मसुदा, छापील नियमावलीची उपलब्ध असलेली एकमेव प्रत, जुनी इतिवृत्तं. सदबीजच्या लिलावात त्यांना ८,८१,२५० पौंड मिळाले. मैदान आणि सोयी सुधारायला पैसा हवा होता. बातमी वाचली तेव्हा मला धक्का बसला होता. ज्या कागदानं या क्लबला ‘पहिला’ केलं तोच विकायचा, म्हणजे घरातला देव्हारा विकण्यासारखं वाटलं होतं. आज मी त्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतो. मूळ प्रत गेली तरी नियम जगभर खेळले जातात. त्यांना त्या कागदाची गरज १८७७ नंतर कधीच नव्हती. गरज होती ती ड्रॉनफील्डच्या मैदानावर खेळायला येणाऱ्या मुलांना. पूर्वजांचा कागद नातवंडांच्या पायाखालच्या गवतासाठी द्यावा लागला, यात दुःख आहे हे खरं. जगातले श्रीमंत क्लब एका खेळाडूवर जेवढे पैसे उधळतात त्याच्या एका अंशासाठी खेळाच्या जन्मदात्याला आपला जन्मदाखला विकावा लागावा, ही त्या साऱ्या खेळाला लाज आणणारी गोष्ट आहे. पण ज्यांनी निर्णय घेतला त्यांनी वारसा आणि जिवंतपणा यांत जिवंतपणा निवडला. त्यांना मी दोष देणार नाही.

आपल्या महाराष्ट्राला जुन्या संस्थांचा अभिमान फार. शंभर वर्षांची वाचनालयं, सव्वाशे वर्षांच्या तालमी, नाट्यसंस्था, गणेशोत्सव मंडळं. शताब्दीला स्मरणिका निघते, संस्थापकाच्या तसबिरीला हार पडतो, आणि जुनेपणाच जणू पुण्य ठरतो. शेफिल्डचा इतिहास वाचल्यावर मला जुनेपणाकडे पाहण्याची एक वेगळी पट्टी मिळाली. संस्था किती वर्षांची, हा दुय्यम प्रश्न आहे. आधी हे विचारावं की तिनं आपल्या विरोधकाला कुठवर आपलं मानलं. तिच्या सभेत संस्थापकाविरुद्धची तक्रार इतिवृत्तात जशीच्या तशी लिहिली जाते का? शेजारच्या संस्थेचा नियम आपल्यापेक्षा चांगला निघाला तर तो घ्यायची आणि आपला सोडायची तिची तयारी आहे का? आणि तिच्या दाराशी आलेल्या माणसाला, पैसा नसेल, वेळ नसेल, जात वेगळी असेल, तरी त्याच्या अटींवर आत यायला जागा आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांना शेफिल्ड क्लबनं होकार दिला आणि त्यातून जगाला एक खेळ मिळाला. तिसऱ्यापाशी तो चुकला आणि त्याचं स्वतःचं भविष्य आक्रसलं. मोठं होण्यासाठी मन मोठं असावं लागतं, हे आपण मुलांना सांगतो. संस्थांच्या बाबतीत हे बोधवाक्य उरत नाही, तो कार्यकारणभाव होतो. ज्या दिवशी समोरचा माणूस परका ठरतो त्या दिवसापासून संस्था आपल्या वारसदारांनाच बाहेर ठेवू लागते. म्हणून जी मंडळं, ज्या तालमी, जी ग्रंथालयं आज आपल्या हाती आहेत त्यांच्या सभासदांनी शताब्दीची स्मरणिका काढण्याआधी आपली घटना काढून वाचावी. तिच्यात समोरच्या बाजूला उभं राहायची तयारी सभासदत्वाची अट म्हणून लिहिली आहे का ते पाहावं, आणि नसेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत ती लिहून घ्यावी.